पाहुण्यांना पाणी कोण देणार?

हॉटेल मॅनेजमेंटला गेलेला मुलगा पहिल्या सुटीत बीड जिल्ह्यातल्या गेवराईला परत आला की त्याच्या हालअपेष्टांची कहाणी घरात फार गांभीर्याने ऐकली जाते. सकाळी सातच्या ठोक्याला रांगेत उभे करतात. नखे तपासतात. दाढीचा एक खुंट राहिला तर वर्गाबाहेर काढतात. बुटात तोंड दिसले पाहिजे, मोजे काळेच पाहिजेत, मनगटात गंडा-दोरा चालत नाही, केस कानावर आलेले खपत नाहीत. ट्रे डाव्या हातावर तोलायचा आणि उजवा हात मोकळा ठेवायचा. पाणी ओतताना एक थेंब टेबलावर सांडला की पुन्हा पहिल्यापासून. पाठ ताठ, आवाज हळू, चेहरा हसरा, आणि हे सगळे दिवसभर उभ्याने. आजी पदराने डोळे टिपते. वडील विचारतात, एवढी फी भरून हेच शिकवतात का? शेजारचे काका म्हणतात, त्यापेक्षा पोलीस भरती बरी. ही सहानुभूतीची सभा रंगात आलेली असताना मुलाची धाकटी बहीण आतून पाण्याचा तांब्या आणते, काकांना पेला देते, रिकामा पेला उचलते, चहा आणते, त्यातला बिनसाखरेचा कप न विचारता नेमका वडिलांपुढे ठेवते, दारात आणखी कोणी आले का ते बघते आणि आत निघून जाते. तिच्या हातून थेंब सांडत नाही. तिच्याकडे कोणी बघतही नाही. तिचा अभ्यासक्रम सातव्या-आठव्या वर्षी सुरू झाला; त्याला फी नव्हती, म्हणून तो कडक आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, पाहुणचाराच्या प्रशिक्षणातला कडकपणा हा हॉटेलवाल्यांचा शोध नाही. तो आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. फक्त तो घरातल्या अर्ध्या माणसांच्याच वाट्याला आला होता, आणि उरलेल्या अर्ध्यांपैकी काहींनी आता प्रवेश अर्ज भरून तो स्वतःवर ओढवून घेतला आहे. म्हणून ओरडा होतो आहे. मुलगा जे सांगतो ते खोटे नाही. ते कडकच आहे. पण ते अपूर्व आहे असे जे त्याला वाटते, तिथे त्याची माहिती कमी पडते. त्याने घरातच जरा मान वळवून पाहिले असते तर पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यास फुकटात झाला असता.

पुरावा ताटापासूनच घेऊ. हॉटेलच्या शाळेत टेबल मांडण्याचा पाठ फार मोठा असतो. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, सुरीची धार आतल्या बाजूला, पाण्याचा ग्लास सुरीच्या टोकाशी, रुमालाची घडी अशी, खुर्चीची कड टेबलक्लॉथला नुसती टेकेल अशी. वाढायचे कुठल्या बाजूने, उचलायचे कुठल्या बाजूने, याचेही नियम. गेवराईच्या मुलाला वाटते, ही साहेबी थेरे. आता नैवेद्याच्या किंवा सणाच्या ताटाकडे बघा. मीठ आधी, आणि ते वर मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, त्यावर तूप. चटणी चुकून उजवीकडे गेली तर सासूबाईंना ते पाच पाटांवरून दिसते. अंतरे मोजायला पट्टी नसते, पण नजर असते, आणि या नजरेला कोणत्याही प्राध्यापकाच्या नजरेपेक्षा धार जास्त. हॉटेलच्या शाळेत पलंगावरची चादर कोपऱ्याशी विशिष्ट कोनात दुमडून गादीखाली खोचायला शिकवतात, आणि खोलीत जाण्याआधी दार वाजवून आपण कोण ते सांगायला लावतात. आपल्या बाजेवर पाहुण्यासाठी ठेवणीतली सतरंजी, तिच्यावर धुतलेली चादर, उशाला पाण्याचा तांब्या, तांब्यावर पेला उपडा, हा क्रम कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही. आणि पुरुषमाणसे बसलेल्या खोलीत जाण्याआधी बांगड्या वाजवायच्या किंवा खाकरायचे, हेही सुनेला कोणी लेखी दिलेले नव्हते. नियमांची जाडी दोन्हीकडे सारखीच आहे. फरक इतकाच की एकीकडे नियम छापून हातात देतात आणि दुसरीकडे ते मोडल्यावर कळतात.

मग हेच काम पुरुषांकडे सोपवायची वेळ आली तेव्हा जगाने काय केले, ते पाहणे मनोरंजक आहे. आजच्या मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरातली रचना बसवण्याचे श्रेय ऑगुस्त एस्कॉफिये या फ्रेंच आचाऱ्याला देतात. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो सैन्यात स्वयंपाकी होता. पुढे १८९० च्या सुमारास लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात, सेझार रिट्झ यांच्या जोडीने काम करताना, त्याने स्वयंपाकघराची जी उतरंड लावली तिला नाव मिळाले 'ब्रिगेड'. वरून खाली हुकूम, खालून वर होकार, प्रत्येकाचा हुद्दा, प्रत्येकाची जागा, आणि उंच पांढरी टोपी. म्हणजे ज्या कामासाठी आपल्याकडे नुसता पदर खोचला की भागत होते, ते काम पुरुषांनी करावे म्हणून आधी त्याला पलटण करावे लागले. भाजी चिरणे कमीपणाचे. पण हुद्दा मिळवून, गणवेश घालून, मोठ्याने होकार देत चिरली की तिचे करिअर होते. हॉटेलच्या शाळेतल्या परेडचे रहस्य मला यातच दिसते. पुरुषाला पाण्याचा पेला द्यायला शिकवायचे असेल तर ते सरळ सांगून चालत नाही. तपासणी, शिट्टी, शिक्षा, बिल्ला असा सगळा थाट उभा करावा लागतो, तेव्हा कुठे त्याला पटते की आपण काहीतरी मर्दानी करतो आहोत.

यातली गंमत इथेच संपत नाही. हॉटेल व्यवस्थापन शिकवणारी देशातली पहिली संस्था १९५४ मध्ये मुंबईत उभी राहिली आणि ती उभी केली बायकांनी. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड कौन्सिलने तिची स्थापना केली. धान्याच्या टंचाईचे दिवस नुकतेच सोसलेल्या देशात अन्न, पोषण आणि खानपान यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळावे हा हेतू. संस्थेच्या लांबलचक नावात 'उपयोजित पोषण' अजूनही टिकून आहे. पुढे सरकारी संस्था वाढल्या, १९८२ मध्ये त्यांच्या अभ्यासक्रमासाठी राष्ट्रीय परिषद आली, प्रवेश परीक्षा आल्या, खासगी महाविद्यालये आली. गेवराईहून दीड-दोन तासांवर छत्रपती संभाजीनगरात ताज समूहाशी नाते सांगणारी संस्था आहे. पुण्यात राज्य सरकारची आहे. आयटीआयमध्येही खाद्यपदार्थ बनवण्याचे आणि वाढण्याचे ट्रेड निघाले. थोडक्यात, बायकांनी आपल्या रोजच्या कामाचे शास्त्र मांडले, त्याला सत्रे आणि गुण जोडले, आणि वर्गात पुढे मुलगेच जास्त येऊन बसले. त्यांना ते अवघड जाते यात नवल नाही. नवल याचे की ते अवघड आहे हे सिद्ध व्हायला मुलांच्या तक्रारीच लागाव्यात.

आता कोणी म्हणेल, हे सगळे सणावारांपुरते. रोजच्या जगण्यात एवढा कडकपणा कुठे आहे? सरकारने हे मोजून ठेवले आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या बायकांचे प्रमाण ८१.२ टक्के होते आणि पुरुषांचे २६.१ टक्के. ही कामे करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती आणि पुरुषाची ९७. म्हणजे बाईची रोजची पाच तासांची एक पाळी, आणि तिला साप्ताहिक सुटी नाही. बीड जिल्ह्यात या आकड्याला आणखी एक पदर आहे. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाच्या वहीत एक 'कोयता' म्हणून धरले जाते. नवरा-बायको मिळून एक. फडात दोघेही सारखेच राबतात, पण कोपीतल्या चुलीपाशी त्या एका कोयत्याचे परत दोन भाग होतात, आणि अंधारात उठून भाकरी थापायचा भाग कोणाच्या वाट्याला येतो ते सांगायला पाहणी नको. तेव्हा गेवराईचा मुलगा कष्टाला घाबरतो असे कोणी म्हणू नये. तो उन्हात कापूस वेचेल, रात्री-अपरात्री मोटर सुरू करायला जाईल. त्याला जड जाते ते वेगळेच. काम करताना आपल्याकडे कोणीतरी बारकाईने बघते आहे, आणि केलेल्याबद्दल शाबासकी न मिळता राहिलेल्याबद्दल बोलणी बसत आहेत, हा अनुभव त्याला नवा असतो. बहिणीला तो पाठ असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: घरचा पाहुणचार प्रेमाचा, हॉटेलचा पैशाचा, दोघांची तुलनाच नको. पाहुणचार आमच्या रक्तातच आहे, तो शिकवावा लागत नाही. हा आक्षेप ऐकायला गोड आहे, पण रक्तात असता तर तो मुलग्यांच्याही रक्तात असता. रक्त दोघांचे एकच. आणि रक्ताचाच दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १७६३ रोजी याच गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामाच्या फौजेची जी सरबराई केली तीही हिशेबात धरावी लागेल. अतिथीला देव मानावे ही आज्ञा तैत्तिरीय उपनिषदात आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. ती कोणाला केलेली आहे ते सहसा कोणी सांगत नाही. अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्यांना गुरूने केलेला तो उपदेश आहे. म्हणजे पाहुणचार तेव्हाही शिकवण्याचाच विषय होता, आणि तो कडक शिस्तीच्या आश्रमात राहिलेल्या मुलग्यांनाच सांगितला होता. ते शिष्य घरी गेले आणि त्यांनी तो उपदेश बायकोला कळवला, असा माझा तर्क आहे. निदान पुढचा सगळा इतिहास या तर्काशी जुळतो.

राहिला प्रेमाचा प्रश्न. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामावर पुस्तक लिहिले आणि एक गोष्ट नीट मांडली: विमान कंपनी त्यांच्याकडून हातांचे काम घेते तसेच मनाचेही घेते. राग गिळणे, थकवा लपवणे, प्रवाशाला आपुलकी वाटेल असे हसणे, हेही श्रमच आहेत आणि कंपनी त्यांचाच पगार देते. हे वाचून आपल्याकडे लोक हळहळतात की बघा, पैशासाठी खोटे हसावे लागते. पण दुपारी तीनला, भांडी घासून पाठ टेकली न टेकली तोच चार सोयरे दारात उभे राहिल्यावर 'या ना, जेवूनच जा' असे म्हणणाऱ्या बाईचे हसू कोणत्या खात्यात टाकायचे? ते खोटे नसेल. पण सगळेच आपोआप उमटलेलेही नसते. त्यात सवय असते, नाव जाण्याची भीती असते, माहेरचा उद्धार होण्याचा धाक असतो, आणि हो, प्रेमही असते. हॉटेलातल्या हसण्यातही हे मिश्रण असतेच, फक्त प्रमाण वेगळे. आपण एकाला ढोंग म्हणतो आणि दुसऱ्याला संस्कार, कारण पहिल्याची पावती मिळते.

दुसरा आक्षेप गावाच्या पारावरून येतो आणि तो जोरदार असतो. आमची पोरे वाढत नाहीत असे कसे म्हणता? लग्नाच्या पंगतीत कोण वाढते? कंदुरीला शेतात तीन दगडांची चूल मांडून मटणाचा रस्सा कोण शिजवते? मान्य. पंगतीतला वाढपी हा मराठवाड्याचा खरा वीर आहे. बादली घेऊन तो धावत येतो, 'भात, भात' असा पुकारा करतो, तुम्ही पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून वाढतो, आणि येसराच्या आमटीचा एक ओघळ तुमच्या धोतरावर, एक शेजाऱ्याच्या, असा समभाव राखून पुढे जातो. पण या कामाचे स्वरूप पाहा. ते वर्षातून चार दिवस असते. ते चारचौघांत, कौतुकाच्या नजरेखाली होते. त्यात नखे कोणी तपासत नाही. बुंदी सांडली तर उत्साह म्हणतात. शिवाय पंगत उठल्यावर पत्रावळ्या आणि पातेली यांच्याशी वाढप्याचा संबंध संपतो. तोवर तो स्वतः दुसऱ्या पंगतीत बसलेला असतो. कंदुरीचेही तेच: रस्सा पुरुषांचा, त्याची कीर्ती वर्षभर पुरुषांची, आणि दुसऱ्या दिवशी घरी आलेल्या काळ्या पातेल्याची राख बायकांची. हॉटेलची शाळा मुलाला नेमके हेच नाकारते. ती म्हणते, धावू नकोस, ओरडू नकोस, नको म्हटले की वाढू नकोस, आणि उचलायलाही तूच ये. पराक्रमातून पुकारा आणि टाळ्या काढून टाकल्या की मागे जे उरते त्याला सेवा म्हणतात; म्हणून ती कडक लागते.

तिसरा आक्षेप वडिलांच्या मनात असतो आणि तो ते सहसा शेवटी, आवाज उतरवून बोलतात: आपण शेतकरी माणसे, आपले पोर लोकांची उष्टी ताटे उचलणार? या आक्षेपाची चेष्टा करू नये, कारण त्यामागे मानाची खरी काळजी आहे, आणि दुसऱ्याच्या दारात राबण्याचा अपमान या जिल्ह्याने पुरेसा पाहिला आहे. पण त्याला उत्तर दिलेच पाहिजे. उष्टे काढणे हे काम हलके असेल तर ते घरातही हलकेच आहे, आणि मग रोज दोन वेळा ते कोण करते याचा विचार त्याच मानाच्या भाषेत करावा लागेल. आणि ते हलके नसेल, घरात बाईने केले की पुण्य आणि लक्ष्मीचे काम होत असेल, तर मुलाने पगार, भविष्य निर्वाह निधी आणि धुतलेला गणवेश घेऊन केल्यावर ते एकाएकी कमीपणाचे कसे होते? दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येणार नाही. कामाला जात नसते. आपण ती करणाऱ्याकडे बघून चिकटवतो. हॉटेलातला प्रशिक्षक, तो कितीही खडूस असो, ताट उचलण्याच्या कामाला गुण देतो. आपल्याकडे ते काम करणाऱ्याला निदान शून्य तरी मिळते का, असा प्रश्न आहे. कारण शून्य मिळायलाही उत्तरपत्रिका तपासावी लागते.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी घराला हॉटेलहून हलके ठरवतो आहे. तसे नाही. पण हॉटेलच्या शाळेत दोन-तीन गोष्टी अशा शिकवतात ज्या आपल्या घरांनी खरोखर उचलाव्यात, आणि गंमत म्हणजे तोच भाग गेवराईच्या विद्यार्थ्याला सर्वांत अवघड जातो. पहिली म्हणजे 'नको' या उत्तरावर विश्वास ठेवणे. पाहुणा नको म्हणाला म्हणजे त्याला नको आहे, हे ज्ञान मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला सहज होत नाही. आपल्याकडे पहिले 'नको' सभ्यतेचे, दुसरे संकोचाचे, तिसरे विचारात घ्यायचे आणि चौथे मानायचे. तोवर पोळी पानात पडलेली असते. मधुमेही जावयाला गुळवणी न वाढणे हा अपमान, आणि वाढल्यावर त्याची साखर वाढणे हे नशीब. आग्रहात प्रेम असते, पण यजमानाला स्वतःचे औदार्य बघण्याची हौसही असते. हॉटेलची शाळा ही हौस काढून टाकते: पाहुण्याला काय हवे ते बघा, तुम्हाला काय द्यावेसे वाटते ते नंतर. या तालुक्यात गोदाकाठी पांचाळेश्वर आहे. दत्तप्रभू दररोज दुपारच्या भोजनाला तिथे येतात आणि निद्रेला माहूरला जातात अशी श्रद्धा आहे. ज्या तालुक्याला इतका नेमका, वेळ पाळणारा आणि मुक्कामाचा आग्रह न करता येणारा पाहुणा लाभला, त्याने तरी पाहुण्याच्या इच्छेचा मान राखायला आधी शिकायला हवे होते.

दुसरी गोष्ट जेवणाच्या वेळेची. चांगल्या हॉटेलांत वाढणारी माणसे सेवा सुरू होण्यापूर्वी जेवून घेतात. उपाशी माणसाच्या हातून नीट वाढले जात नाही, हे त्यामागचे साधे कारण. त्यात दयामायेचा भाग नाही. घरी वाढणारी शेवटी बसते, आणि तोवर भाजी संपलेली असली की 'मला तशी भूक नव्हतीच' हे वाक्य तोंडी तयार असते. त्या बिचारीला आग्रह करायला कोणी नसते. दिवसभर सगळ्यांना आग्रह करून झालेला असतो. तिसरी गोष्ट म्हणजे पाळी संपणे. हॉटेलात ठरल्या वेळी दुसरा माणूस येतो, काम सोपवले जाते, गणवेश उतरतो, आणि त्यानंतर पाहुण्याला पाणी हवे असेल तर ते देणे तुमचे काम नसते. कडकपणाला शेवट असला की त्याला शिस्त म्हणता येते. शेवटच नसला तर त्याचे नाव वेगळे ठेवावे लागते, आणि ते ठेवायला आपण कचरतो.

चौथा आक्षेप विद्यार्थ्यांचा स्वतःचा आहे, आणि तो मी अर्धा मान्य करतो. शिस्त ठीक, पण शिस्तीच्या नावाखाली चालणारे सगळेच ठीक नसते. औद्योगिक प्रशिक्षणाच्या महिन्यांत ट्रेनीला कामगाराइतके राबवायचे, मानधन हातावर टेकवायचे, बारा-बारा तास उभे ठेवायचे आणि तक्रार केली की 'या धंद्यात असेच असते' म्हणायचे, हे प्रशिक्षण नव्हे. ही स्वस्तातली मजुरी आहे. नखे तपासणे स्वच्छतेसाठी, इतपत समजते. वीस मुलांसमोर अपमान करणे कशासाठी, ते समजत नाही. पण हा आक्षेप नीट लावून धरला तर तो माझ्याच म्हणण्याच्या बाजूला येतो. 'या धंद्यात असेच असते' आणि 'बाईच्या जातीला एवढे तर आलेच पाहिजे' ही दोन्ही वाक्ये एकाच भट्टीत भाजलेली आहेत. पहिल्यावर चिडणाऱ्या मुलाला दुसरे ऐकू येऊ लागले, तर त्याच्या प्रशिक्षणाचा पैसा वसूल झाला असे मी समजेन. ज्याने मोफत राबणे अंगावर घेऊन पाहिले आहे त्यालाच ते ओळखता येते.

शेवटचा पुरावा मोठ्या हॉटेलचाच. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांनी पळून जाण्याच्या वाटा ठाऊक असूनही आधी पाहुण्यांना बाहेर काढले. ती माणसे अशी कशी वागली, याचा अभ्यास रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी केला आणि तो २०११ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त आला. त्यात आढळले की हा समूह नोकरभरतीसाठी महानगरांपेक्षा लहान गावांकडे वळतो, कारण थोरांचा आदर, नम्रता, दुसऱ्याचा विचार ही मूल्ये तिथे अजून टिकून आहेत असे तो मानतो. मग निवडलेल्यांना अठरा महिने शिकवतात. इतर हॉटेले साधारण बारा महिने शिकवतात. निवडताना आनंदी वृत्ती पाहतात, आणि गरजही पाहतात, म्हणजे घराला या नोकरीची किती निकड आहे ते. या शेवटच्या निकषावर बीड जिल्ह्याला कोणी मागे टाकेल असे वाटत नाही. पण पहिल्या निकषाशी क्षणभर थांबावे. लहान गावात ही मूल्ये टिकली हे खरे. ती टिकवली कोणी? पाया पडून बाहेर सटकणाऱ्या मुलांनी नक्कीच नाही. ती ज्यांनी रोज हाताने टिकवली, त्यांच्या नावावर वारसा लागला नाही, मुलांच्या नावावर लागला. सातबाऱ्याची जुनी रीतच आहे ती. मात्र त्या अभ्यासातून एक आशाही निघते. ज्या मुलांनी घरात कधी पेला उचलला नसेल ती दीड वर्षाच्या शिकवणीनंतर गोळ्यांच्या आवाजातही पाहुण्यांच्या बाजूने उभी राहतात. म्हणजे हे मुलग्यांना येतच नाही, हा समज खोटा आहे. कोणी शिकवले नव्हते, एवढेच.

तेव्हा माझी सूचना साधी आहे आणि ती अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींनी विचारात घ्यावी. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकातले निम्मे गुण दिवाळीच्या सुटीत, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या घरी द्यावेत. बाह्य परीक्षक म्हणून आईला नेमावे. तिला प्रवासभत्ता देण्याचा प्रश्नच नाही. परीक्षेच्या दिवशी तिने आणि घरातल्या बाकीच्या बायकांनी आधी जेवून घ्यावे, मग पाहुणे बोलवावेत, आणि विद्यार्थ्याने स्वागतापासून पातेली घासेपर्यंतचे काम एकट्याने करावे. नखे तपासायचा हक्क बहिणीला असावा. निकाल पहिल्या वर्षी फार वाईट लागेल यात शंका नाही, आणि पालक सभा घेऊन म्हणतील की पेपर अवघड काढला. त्यांना सांगावे की पेपर जुनाच आहे, परीक्षार्थी तेवढे बदलले.